उसनी शांतता

कुलूप कापडात गुंडाळून तिने डब्याच्या पिशवीत टाकले आणि बसथांब्यावर येऊन उभी राहिली. दुपारची वेळ होती, रस्त्यावर माणसे तुरळक. पिशवी खांद्याला ओढत होती. इतके जड कुलूप आता कुणी बनवत नाही. तळहाताएवढे, लोखंडी, एका बाजूने चेपलेले, आणि बंद. ढिगाऱ्यातून काढले तेव्हाही ते बंदच होते, कोयंड्यासकट उपटून आलेले. किल्ली कधीच सापडली नाही.

संग्रहालयात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे चौकशीबाई. तिला ते ठाऊक होते आणि त्याचा रागही नव्हता. युद्धाच्या आठवणी गोळा करणे हा तिचा धंदा, आणि चौकशी केल्याशिवाय आठवणी मिळत नाहीत. मात्र तिची रीत वेगळी होती. म्हाताऱ्या माणसाला ‘युद्धाबद्दल सांगा’ म्हटले की तो भाषण करतो. पंधरा ऑगस्टला किंवा सव्वीस जानेवारीलाच नव्हे, कुठल्याही दिवशी करतो, कारण लोकांनी त्याला तेच शिकवलेले असते. पण त्याच्या हातात त्या काळातली एखादी वस्तू ठेवा. पाण्याची बाटली, पट्ट्याचे बक्कल, झिजलेला बूट. मग तोंडाआधी हात बोलायला लागतात. बाटली हातात घेऊन ढसाढसा रडलेला एक माजी स्वयंपाकी तिने पाहिला होता, ज्याने त्याआधी तासभर फक्त विनोद सांगितले होते.

आज हे कुलूप ती ज्याच्या हातात ठेवणार होती, त्याला अख्खे शहर पहारेकरी म्हणत असे. पुलाचा पहारेकरी.

गोष्ट साठ वर्षांपूर्वीची. सैन्य पुलावरून अलीकडे माघार घेत होते, नदीपलीकडचे अर्धे शहर रिकामे होत होते. पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी एक शाळा होती आणि तिच्या तळघरात जखमी ठेवले होते. पूल उडवला त्याच दिवशी शाळा कोसळली आणि जखमी आत गाडले गेले. सरकारी इतिहास एवढाच सांगतो की शत्रूच्या तोफेने शाळा पाडली, आणि त्याआधी शत्रूच्या हेरांनी तळघराला बाहेरून कुलूप घातले होते. संग्रहालयात कुलपाखालच्या पाटीवर हेच लिहिले होते, आणि त्या पाटीवरून तिचे संचालकांशी वाजले होते.

“शत्रू नदीपलीकडे होता, सर. अलीकडे तो कधी आलाच नाही. त्यासाठीच तर आपण पूल उडवला.”

“म्हणूनच ‘हेर’ लिहिलंय, मॅडम.”

“हेर खिशात कुलूप घालून फिरत होते? मागे शाळेचा शिक्का आहे बघा. शाळेचं कुलूप आहे हे. ते कुठल्या खिळ्याला टांगलेलं असतं हे कुणाला माहीत असणार?”

“पाटी चार ओळींची असते,” संचालक चष्मा पुसत म्हणाले. “तुमचं भांडण चार ओळींत बसत नाही.”

ते खरेच होते. तिचे भांडण पाटीत बसणारे नव्हते. तिच्या आईचा थोरला भाऊ त्या दिवशी त्या शाळेत होता. सैनिक नव्हे, जखमींना उचलून आणणाऱ्या पथकातला, मिसरूड फुटलेला पोरगा. तो परत आला नाही. नंतर पथकाने जाहीर केले की तो पळून गेला. साक्षीदार एकच होता, पहारेकरी. स्मारकाच्या भिंतीवर सगळ्यांची नावे कोरली गेली आणि मामाचे राहिले. शाळेत पोरी आईला ‘पळपुट्याची बहीण’ म्हणत. आजोबांनी त्यानंतर मुलाचे नाव घरात घेऊ दिले नाही.

आईने मात्र एक केले. तिने दाराला कडी घालणे सोडून दिले. लग्न झाले, घरे बदलली, नवरा वैतागला, शेजारी हसले, पण आईचे दार नुसते लोटलेले असे. दादा आला तर ताटकळायला नको. हल्लीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तर दाराची वरची कडी रंगाच्या थरांखाली पार बुजून गेली होती. “चोर आला तर त्यालाच आपली दया येईल,” असे आई म्हणायची. आता तिचे गुडघे गेले होते, ती चाकाच्या खुर्चीत असे, आणि खुर्चीतून दाराकडे बघत असे. तिला एकच हवे होते. ते नाव त्या भिंतीवर, डोळे मिटायच्या आत.

शेवटच्या थांब्यापुढे चालत ती पहारेकऱ्याच्या घरी पोहोचली. सून दारातच होती.

“या, ताई. बाबा सकाळपासून दाढी करून बसलेत. तुम्ही यायच्या असलात की माझ्या हातचा चहासुद्धा गोड लागतो त्यांना.”

“तुझा चहा गोडच असतो,” आतून म्हातारा म्हणाला. “साखरेनं.”

तो खिडकीपाशी ताठ बसला होता. ऐंशी ओलांडली तरी पाठ सरळ. नेहमीचे सुरू झाले: सुरुंगाची वात कशी पेटवली, पूल कसा उडाला, शेवटपर्यंत जागा कशी सोडली नाही. शाळाशाळांतून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती. तिने मध्ये तोडले नाही. पिशवीतून कापड काढले, उलगडले आणि कुलूप त्याच्या ओंजळीत ठेवले.

तो वाक्याच्या मध्येच थांबला.

त्याचा अंगठा आपोआप किल्लीच्या भोकावर गेला आणि तिथेच घासत राहिला.

“हे कुणी लावलं, आजोबा?”

“हेरांनी.”

“तुम्ही पाहिलं?”

“सगळ्यांना माहीत आहे ते.”

“तुम्ही पाहिलं का, ते विचारलं मी.”

अंगठा भोकावर फिरत होता.

“आणि माझा मामा?”

“पळाला तो. मागेच सांगितलं ना तुला पोरी. पळाला.”

तिने खूप खोदले, पण पुढे एक अक्षर निघाले नाही. शेवटी तिने नेहमीप्रमाणे सांगितले, “आता मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसायचं. खोलीची शांतता घ्यायची आहे.”

“गप्प बसलेलंही रेकॉर्ड करता?” सुनेला हसू आले.

“प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मध्ये खोकला आला, वाक्य कापलं, तर तिथं रिकामी भोकं पडतात. ती बुजवायला ही लागते.”

सुनेने पंखा बंद केला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. म्हातारा कुलूप मांडीवर घेऊन बसला होता. त्याची नजर दाराकडे होती. उघड्या, ऊन आत आलेल्या दाराकडे. ते मिनिट फार हळू सरले. मध्येच तिला ओल्या चुन्याचा वास आला, बंद जागेतला, घशात बसणारा. भिंतीला ओल असेल, असे ती स्वतःला म्हणाली. बाहेर ऊन रखरखत होते.

मिनिट संपले तेव्हा म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता. कुलूप त्याने स्वतःच कापडात गुंडाळले, घाईघाईने, एखादी गरम वस्तू असावी तसे.

“घेऊन जा. परत आणू नकोस हे इथं.”

युद्धाच्या आठवणींच्या प्रदर्शनाला अजून अवकाश होता, पण उद्घाटनाच्या मंत्र्यांना परदेशी जायचे निघाले, म्हणून मेलेल्यांना लवकर तयार व्हावे लागले. संचालकांनी तारीख अलीकडे आणली आणि खुर्च्या, मंडप, कुणाशेजारी कुणाला बसवायचे यावर बैठकांमागून बैठका घेतल्या. मास्तरीणबाई, पाववाला, तिची आई अशा मुलाखती दिलेल्यांच्या आवाजांवर एकही बैठक झाली नाही. ते काम संग्रहालयाच्या ध्वनिमुद्रकावर आणि तिच्यावर पडले. या गृहस्थाला सगळे कानसेन म्हणत. दाढीवाला, तिरकस, आणि कामाला वाघ.

“बाई, जोड सगळीकडे कळतोय,” तो म्हणाला. “मास्तरीणबाईंच्या मागे गाड्या, पाववाल्याच्या मागे कुत्रं, आणि तुमच्या आईच्या मागे शेजारची काकू भांडतेय. यांच्या घरची स्वच्छ शांतता कुठाय?”

“मिळाली नाही. पहारेकऱ्याच्या घरची आहे ना? तीच टाक सगळ्यांखाली.”

“असं करत नाहीत. ज्याच्या खोलीची शांतता त्याच्याच आवाजाखाली घालायची. दुसऱ्याची उसनी आणली तर आवाज परका वाटतो.”

“मंत्री शांतता कुणाच्या घरची ते विचारायला येणार नाहीयेत.”

“मंत्री नाही विचारणार,” कानसेन म्हणाला. “पण बरं. तुम्ही म्हणता तर.”

आणि त्याने ती घातली. मास्तरीणबाईंच्या आवाजाखाली, पाववाल्याच्या, आईच्या, सगळ्यांच्या. एका म्हाताऱ्याच्या खोलीतले ते मिनिट कापून, जोडून, लांबवून अख्ख्या शहराच्या आठवणींखाली अंथरले गेले. आवाज एकदम नितळ झाले. तिला समाधान वाटले, आणि घाईच्या कामात समाधान वाटले की माणूस दुसऱ्यांदा ऐकत नाही.

तिचा स्वतःचा एक नियम होता. जोडकाम झालेली प्रत आधी बोलणाऱ्याला ऐकवायची, त्याने हो म्हटल्याशिवाय लोकांपुढे न्यायची नाही. त्यानुसार सगळ्यांना प्रती गेल्या. आईला तिने लहानसे यंत्र दिले आणि बटण दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा चेहरा उजळला होता.

“ऐकलंस का?”

“सारखं ऐकतेय.”

“काही काढायचंय?”

“काढायचं काय त्यात? छान केलंयस. फक्त सांग, दादाची थाप कुठनं मिळवलीस गं?”

मामाची दार वाजवण्याची एक रीत होती, ती तिला लहानपणापासून माहीत होती. एक थाप, मग थांबणे, मग लागोपाठ दोन. टक… टक-टक. आई ती कधी ताटावर वाजवायची, कधी लेकीच्या पाठीवर, झोपवताना.

“तूच वाजवून दाखवलीस की, आई. मुलाखतीत. खुर्चीच्या हातावर.”

“ती वेगळी. ती माझी.” आई समजावणीच्या सुरात म्हणाली. “ही दारावरची आहे. जाड लाकडाच्या दारावरची. आणि आतनं मारलेली.”

म्हातारे कान, असे मनाशी म्हणत तिने चपला घातल्या. जिना उतरताना तिच्या लक्षात आले की आपण कठडा घट्ट धरला आहे.

संग्रहालयात प्रदर्शनाचे दालन तळमजल्याच्याही खाली होते. खिडकी नाही, वर सकाळ आहे की संध्याकाळ, खाली कळत नसे. मध्ये काचेच्या मोहोरबंद पेटीत कुलूप ठेवले होते, भिंतीला कानाला लावायची यंत्रे. तिने पहिले उचलले. मास्तरीणबाई. ही मुलाखत तिने स्वतः अक्षर न अक्षर उतरवली होती, पाठ होती.

“आम्ही पुलावरून निघालो. माझ्या कडेवर धाकटा होता. मागं वळून बघायचं नाही असं वडील म्हणाले होते…”

इथे मास्तरीणबाई श्वास घेतात आणि पुढे म्हणतात, ‘पण मी बघितलं.’ तिने वाट पाहिली. श्वास आला. त्या श्वासाखाली, खूप खोल, जणू जमिनीच्या पोटातून…

टक… टक-टक.

आणि मास्तरीणबाई, हळू आवाजात, “कोण आहे?”

हे वाक्य मुलाखतीत नव्हते.

तिने यंत्र खाली ठेवले. दुसरे उचलले. पाववाला म्हणजे बडबड्या माणूस, वाक्यागणिक हसणारा. भट्टी, पीठ, सैन्याला पाठवलेले पाव. मग मध्येच टक… टक-टक. पाववाल्याचे हसू विझले. “आलो, आलो,” तो म्हणाला. नंतर बराच वेळ तो काहीच बोलला नाही, पण तो तिथेच होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि त्या श्वासामागे आणखी कुणाकुणाचे. पुष्कळ. दाटीवाटीने बसलेल्या माणसांचे.

“कानसेन,” तिने हाक मारली.

तो आधीच आपल्या टेबलापाशी उभा होता, कानावरचे हेडफोन काढून हातात धरलेले.

“मी सकाळपासून ऐकतोय, बाई. काटा बघा.” त्याने यंत्राकडे बोट दाखवले. “काटा हलतच नाहीये. इथं आवाज नाहीच, निव्वळ शांतता आहे. आणि मला ऐकू येतंय…”

“आईची लाव.”

“बाई, नको.”

“लाव.”

आईचा आवाज आला. दार कसे लोटून ठेवते, लोक काय म्हणतात, सगळे होते तसेच. अगदी शेवटी, जिथे मुलाखतीत आई नुसती गप्प झाली होती, तिथे थाप आली, स्पष्ट, जवळ. आणि आई म्हणाली, तिने कधी ऐकला नव्हता अशा कोवळ्या, दहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात, “ये ना. उघडंच आहे.”

दालनात दोघांनाही एकच वास आला. ओला चुना.

“ती शांतता काढून टाकतो,” कानसेन पुटपुटला. “सगळीकडून. आत्ता.”

“काहीही काढू नकोस. मी त्याच्याकडे जाऊन येते.”

पहारेकऱ्याकडे जाताना तिला भीतीपेक्षा राग जास्त होता. साठ वर्षे एका माणसाच्या शब्दावर एक पोरगा पळपुटा ठरतो, आणि त्या शब्दावर सभा होतात, हारतुरे होतात, पाट्या लागतात. कुणी एकदाही उलटून विचारत नाही. तिने नमस्कारसुद्धा केला नाही. यंत्र त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, “तुमची प्रत. संमती घ्यायची आहे. ऐका.”

तो ऐकू लागला. सून चहा टाकायला वळली होती, ती तशीच थांबली, कारण म्हाताऱ्याने दोन्ही हात समोर धरले होते, एखादे दार बाहेरून दाबून धरावे तसे.

“बाबा?”

“तू बाहेर जा,” तो म्हणाला.

“का? काय झालं? ताई, काय ऐकवलंत तुम्ही यांना?”

“जा म्हटलं ना.”

सून गेली, पण दारापलीकडेच थांबली. तिची सावली उंबऱ्यावर दिसत होती. तिने रेकॉर्डिंगचे बटण दाबले आणि म्हातारा बोलू लागला. यावेळी वाक्ये गुळगुळीत नव्हती, ओबडधोबड होती.

“हुकूम होता. जखमी रांगत बाहेर यायला लागले होते. आम्हाला घेऊन जा म्हणत होते. पुलावर बायकापोरं… गोंधळ झाला असता. साहेब म्हणाले, दार लाव, यांच्यासाठी गाडी येतेय. मी शाळेचं कुलूप घेतलं. खिळ्याला होतं, दाराशेजारीच.”

“आणि मामा?”

“पाणी घेऊन आत गेला होता. माझ्यासमोरून गेला. बादली होती हातात.”

“तुम्हाला माहीत होतं तो आत आहे.”

“त्यानं दार वाजवलं. एकदा… मग दोनदा. मला म्हणाला, मी आहे. मी बरा आहे. मला काही झालेलं नाही.” म्हाताऱ्याचा अंगठा रिकाम्या हवेत फिरत होता. “किल्ली माझ्या हातात होती, पोरी. पण एकासाठी उघडलं असतं तर सगळे बाहेर आले असते.”

“गाडी आली?”

“गाडी कुठली. साहेबच सगळ्यांत आधी गेले. मग वात पेटवायचा इशारा झाला. पूल गेला आणि त्याच्याबरोबर शाळा गेली. तोफ नव्हतीच. आमच्याच सुरुंगानं गेली.”

“आणि तो पळाला, असं का सांगितलंत?”

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. “पळालेल्याला ढिगाऱ्यात कुणी शोधत नाही.”

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ती तशीच बसून राहिली, यंत्रावरचा लाल दिवा बघत. प्रत्येक शब्द उतरला होता. नाव आता भिंतीवर जाणार होते. संचालक काहीही म्हणोत, मंत्री काहीही म्हणोत, ती प्रत्येक वर्तमानपत्राचे दार वाजवणार होती.

“आता तुझी ती शांतता घे,” म्हातारा म्हणाला.

सवयीने तिने कानाला यंत्र लावले. दोघे गप्प बसले. काही आले नाही. थाप नाही, श्वास नाही. उंबऱ्यावर सून नाक ओढत होती तेवढेच. आणि वासही नव्हता. खोलीत फक्त चहाच्या उतू गेलेल्या दुधाचा वास होता.

“गेले,” म्हातारा म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची पाठ वाकली असावी.

“कुठे?”

“कुठंतरी उघडं असेल.”

बसमध्ये कानसेनचा फोन आला. तो कुजबुजत होता.

“बाई, कुलपाची पेटी तुम्ही उघडली होती?”

“नाही. मोहोर आहे तिला.”

“मोहोर तशीच आहे. काचही तशीच आहे. कुलूप उघडं आहे, बाई. आत, पेटीत. दांडी वर आलीय. मी हात लावलेला नाही. मी आता घरी जातोय.”

तिने खिडकीबाहेर बघितले. दिवेलागण होत होती. काहीतरी विचार करायला हवा होता, पण मनात एकच गोष्ट घोळत होती. आईला सांगायचे. अजून डोळे मिटले नाहीत तोवर सांगायचे. ती थांब्यावर उतरली आणि जवळजवळ धावतच घराशी आली.

जिन्यातला दिवा गेला होता. ते नेहमीचेच, सोसायटीत वर्गणीवरून भांडणे व्हायची, दिव्यावरून कुणी भांडत नसे. ती अंधारात सवयीने चढली. तिसरा मजला. आपले दार. हात नेहमीसारखा पुढे गेला आणि तिने दार लोटले.

दार उघडले नाही.

पुन्हा लोटले. फुगले असेल म्हणून खांदा लावला. वरच्या बाजूला, दाराच्या पार वरच्या कोपऱ्यात, लोखंड लोखंडात अडकल्याचा आवाज झाला. कडी. जी रंगाखाली बुजली होती ती कडी. जिथवर खुर्चीत बसलेल्या आईचा हात काठी घेऊनसुद्धा पोहोचत नाही ती.

तिने दारावर थाप मारली. हात आपोआपच पडला. एक… मग लागोपाठ दोन. तिला कळले तेव्हा उशीर झाला होता.

“आई?”

आत खुर्चीची चाके कुरकुरली. दाराच्या अगदी जवळ. “तू होय,” आई म्हणाली. आवाजात आनंद होता, गुपित सांगतानाचा.

“आई, कडी कुणी घातली?”

“दादानं. दादा आलाय.”

तिने कपाळ दाराला टेकले. “आई, ऐक. तो पळाला नव्हता. आत होता तो. मी सगळं घेऊन आलेय. पहारेकऱ्यानं कबूल केलं.”

“माहीत आहे. दादानंच सांगितलं मला. बादली घेऊन आत गेला होता म्हणे.”

बादलीचे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

“दार उघड, आई.”

आत कुणीतरी कुणाशी तरी हळू बोलले. एक आवाज आईचा. दुसरा तिला नीट ऐकू आला नाही, किंवा ऐकू आला आणि तिने तो ऐकला नाही असे ठरवले. मग आईचा आवाज आला, आता थोडा ओशाळलेला, पाहुण्यापुढे लेकराची समजूत काढावी तसा.

“दादा नाही म्हणतो गं.”

“काय?”

“तो म्हणतो, मागनं सगळेच आलेत. एकीसाठी उघडलं तर सगळे आत येतील.”

जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. तो कधीपासून होता, ती चढत होती तेव्हापासून की त्याच्याही आधीपासून, ते तिला सांगता आले नसते. तिने मागे वळून पाहिले नाही. दोन्ही तळवे दारावर ठेवले. तोंड फटीला लावले, आणि जे शब्द तोंडातून आले ते आपले नाहीत हे तिला बोलता बोलताच कळले.

“आई… मी आहे. मी बरी आहे. मला काही झालेलं नाही.”

आत कुणी हलले नाही.

तिच्या मागे, खालच्या पायरीवर, अगदी सभ्यपणे, रांगेत पुढच्याचे काम लांबले की माणूस खोकतो तसे, कुणीतरी खोकले.